सजवलेले दार

डिसेंबर लागला की शाळाशाळांतून स्पर्धांचे दिवस सुरू होतात. निबंध, वक्तृत्व, किरात, नात, मेहंदी आणि अलीकडे त्यात भर पडली आहे ती वर्गाच्या दाराच्या सजावटीची. प्रत्येक वर्गाने आपापले दार सजवायचे, परीक्षकांनी वऱ्हांड्यातून फिरत ते पाहायचे, फोटो काढायचे आणि गुण द्यायचे. गेल्या हिवाळ्यात विषय होता ‘मौसमे सर्मा’, म्हणजे थंडीचा ऋतू. आम्ही सहावीचे वर्गशिक्षक. त्या दाराच्या निमित्ताने जे घडले ते तसे पाहिले तर अगदी किरकोळ आहे. कोणी पडले नाही, कोणाला लागले नाही, कोणाची तक्रार आली नाही. तरीही वर्ष उलटत आले आणि ते मनातून जात नाही. म्हणून ते वाचकांपुढे ठेवत आहोत.

आमची शाळा खडकीत आहे. एका बाजूला खडकी बाजार, दुसऱ्या बाजूला लष्कराच्या भिंती आणि जुनी मोठी झाडे, पलीकडे मुळा नदी. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या सत्राला येणारी मुले नाक ओढत, हात बगलेत धरून येतात. कोणाला स्वेटर असतो, कोणाला मोठ्या भावाचा असतो, कोणाला नसतोच. फळ्यावर तारीख लिहिताना खडू बोटांत गार लागतो.

विषय सांगितल्याबरोबर वर्गातून एकच आवाज आला, “टीचर, बर्फ बनाएंगे!” मग बर्फाचा माणूस, त्याचे गाजराचे नाक, टोकदार झाडे, पांढरी छपरे, धुराडे. चाळीस मुलांपैकी एकानेही बर्फ पडताना पाहिलेला नाही. त्यांचा बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या लाकडी रंध्यावर किसला जाणारा बर्फ किंवा मासळीच्या पाटीतला बर्फ. तरीही हिवाळा म्हटले की त्यांच्या डोळ्यांसमोर परक्या मुलुखाचे चित्र आले.

आमच्या मनात पहिला प्रश्न इथे उभा राहिला. जे पाहिले नाही, जे इथे घडत नाही, ते मुलांकडून ‘आपला हिवाळा’ म्हणून दारावर लावून घेणे खोटेपणाचे आहे की नाही?

पुण्यात बर्फ पडत नाही. इथे नोंदल्या गेलेल्या नीचांकी तापमानाचा आकडा १७ जानेवारी १९३५ चा आहे, १.७ अंश सेल्सिअस. म्हणजे तेव्हाही पारा शून्याखाली उतरला नव्हता. गंमत अशी की बर्फाच्या गावाचे नाव मात्र पुणेकरांच्या तोंडी रोज असते. खडकीहून बसने मनपाकडे जाताना शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ लागते. १९२८ मध्ये हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आले, त्या इमारतीला लोकांनी हे नाव देऊन टाकले. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, नाव राहिले. आमच्या मुलांना सिमला म्हणजे बसथांबा.

आणि जिथे खरोखर बर्फ पडतो तिथे काय असते? काश्मीरच्या खोऱ्यात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा ‘चिल्ले कलान’ सुरू होतो. चिल्ला म्हणजे चाळीस दिवस. हा शब्द आपल्याला दुसऱ्या संदर्भात चांगला ठाऊक आहे. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्ले खुर्द, मग दहा दिवसांचा चिल्ले बच्चा. नळातले पाणी गोठते. आपल्याकडे जशी उन्हाळ्याची, तशी तिथे हिवाळ्याची मोठी सुट्टी असते. म्हणजे बर्फ पडतो तेव्हा तिथल्या शाळांची दारे बंद असतात. दारावर बर्फ चिकटवण्याची हौस फक्त बर्फ नसलेल्या गावीच भागवता येते. हे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा मुले पोट धरून हसली. मग एक मुलगी गंभीर होऊन म्हणाली, “तो उनों दरवाजे पे क्या लगाते होंगे, आम?”

तिच्या या प्रश्नाने आमचा सोवळेपणा बराचसा उतरला. काश्मीरच्या मुलाने आंबा रंगवला तर त्याला कोणी खोटारडा म्हणणार नाही. न पाहिलेल्याची कल्पना करणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. कल्पनाशक्ती नसती तर भूगोल शिकवता आला नसता, इतिहास शिकवता आला नसता, आणि दुसऱ्याचे दुःख तर मुळीच कळले नसते. खोटेपणा येतो तो वेगळ्या वाटेने. परका हिवाळा सुंदर आणि आपला हिवाळा दारावर लावण्याच्या लायकीचा नाही, असे मुलाला न बोलता शिकवले गेले, तर ते मात्र खोटे. कारण मग मूल आपल्याच गल्लीकडे ओशाळून पाहू लागते. नजीर अकबराबादींनी ‘जाडे की बहारें’ लिहिली ती आपल्या आग्र्याच्या थंडीवर. तिळाच्या लाडवांवरही त्यांनी नज्म लिहिली. त्यांना दुसऱ्याचा हिवाळा उसना आणावा लागला नाही.

तेव्हा आम्ही तोडगा काढला. दाराच्या वरच्या अर्ध्या भागात मुलांचा बर्फ राहील, खालच्या अर्ध्या भागात खडकीचा हिवाळा. खालच्या भागासाठी मुलांनी दोन दिवस आपापल्या गल्लीत पाहून यायचे ठरले. आणि काय काय आले! टायर आणि पुठ्ठे जाळून केलेली शेकोटी. मफलर गुंडाळलेला वॉचमन. हातगाडीवरची बोरे, पेरू, हरभऱ्याच्या गड्ड्या. दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या. फजरच्या नमाजाला मस्जिदीच्या हौदाजवळ वजू करताना पाय वर उचलून धरणारे दादाजान. रस्त्याच्या कडेला स्वेटर विकणारे तिबेटी. खांद्यावर गाठोडे घेऊन दारोदार फिरणारा काश्मिरी शालवाला, म्हणजे बर्फ सोडून आपल्याकडे आलेला खरा माणूस. एका मुलाने चूल आणि तिच्याभोवती पाच जोड हात काढले, माणसे काढलीच नाहीत. विचारले तर म्हणाला, “ठंड में हाथ इच दिखते.”

बर्फासाठी कापूस हवा होता. वर्गातल्या एका मुलीचे आजोबा पिंजारी. आता गाद्या कारखान्यातून येतात, फोमच्या येतात, पण थंडीच्या तोंडावर अजूनही कोणी कोणी जुनी रजई उसवून कापूस पिंजून घेते. पिंजारी, नदाफ, मन्सुरी अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या बिरादरीने पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्राला ऊब दिली. मन्सूर अल्-हल्लाज यांच्या नावातला ‘हल्लाज’ म्हणजेही कापूस पिंजणारा. आजोबा स्वतः एका पिशवीत कापूस घेऊन आले. कशाला हवा ते ऐकून थोडा वेळ आमच्याकडे पाहतच राहिले. मग हसून म्हणाले, “टीचर, रूई तो थंडी की दुश्मन है. तुम उसको इच बर्फ बना रहे?” आम्हीही हसलो. जाताना त्यांनी बजावले, “काम हुआ तो वापस देना. रूई फेंकते नहीं.”

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

परीक्षणाच्या दिवशी सकाळी दार पूर्ण तयार होते. वर कापसाचा बर्फ, खाली खडकी. पण एक अडचण लक्षात आली. आमचे दार आत उघडते. ते उघडे असले की सजावट भिंतीकडे जाते आणि वऱ्हांड्यातून काहीच दिसत नाही. शिवाय उघडझाप झाली की कापूस गळतो. म्हणून हजेरी घेऊन आम्ही दार ओढून घेतले. मुलांना सांगितले, परीक्षक जाईपर्यंत कोणी दाराला हात लावायचा नाही.

वर्गातला एक मुलगा मामाबरोबर पहाटे दुधाच्या पिशव्या टाकायला जातो. आठवड्यातून एकदोनदा त्याला उशीर होतो, हे आम्हाला माहीत होते. त्या दिवशीही झाला. दार बंद दिसले. त्याच्या हातून त्याच दारावर आदल्या दिवशी बर्फ चिकटवला गेला होता, तेव्हा ढकलले तर गळेल हे त्याला आमच्याइतकेच ठाऊक होते. दीनियातच्या तासाला शिकवलेला अदब त्याने पाळला. तीनदा सलाम केला. आत मुले नज्म म्हणत होती, कोणाला ऐकू गेले नाही. तो वऱ्हांड्यातल्या खांबाला टेकून बसला.

इथवर आमची चूक अजाणतेपणाची म्हणता येईल. पुढची तशी नाही. परीक्षक आल्याची वर्दी मिळाली तेव्हा आम्ही बाहेर आलो, दार अलगद मागे ओढले आणि स्वागताला उभे राहिलो. मुलगा आम्हाला दिसला. तो उठून पुढे आला. त्याच क्षणी परीक्षक वळणावर दिसले, त्यांच्याबरोबर मोबाईल सरसावलेला फोटो काढणाराही. आम्ही हाताने मुलाला खूण केली, बाजूला हो. तो बाजूला झाला, चौकटीत येणार नाही इतका. परीक्षकांनी दाराचे कौतुक केले, कापसाला बोट लावून पाहिले, शेकोटीभोवतालच्या हातांचा जवळून फोटो घेतला. ते पुढच्या वर्गाकडे गेले, आम्ही आत गेलो आणि दार पुन्हा ओढून घेतले, कारण थोड्या वेळाने पाहुणे यायचे होते. मुलगा आमच्या डोक्यातून पार निघून गेला.

मधल्या सुट्टीत दार उघडले तेव्हा तो तिथेच होता, दप्तर पोटाशी धरून. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, अंगात स्वेटर नाही. आम्ही काही बोलण्याआधी त्यानेच विचारले, “टीचर, फोटो अच्छा आया क्या?”

आमच्या दाराला दुसरे बक्षीस मिळाले.

एका सहकाऱ्यांना आम्ही हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, तुम्ही फार मनाला लावून घेता. मुलगा उशिरा आला, उशिरा येणाऱ्याला बाहेर उभे करतातच. त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. शाळेला शिस्त हवी. पण शिस्तीने बाहेर राहणे आणि सजावटीपायी बाहेर राहणे या दोन गोष्टी एक नव्हेत. शिस्त आधी सांगितलेली असते, सर्वांना सारखी असते, आणि ती मुलाच्या भल्यासाठी आहे असे निदान म्हणता येते. इथे तसा नियम नव्हता. तो उशिरा आला म्हणून बाहेर राहिला नाही, तो चित्रात अडथळा होता म्हणून राहिला. जर्मन तत्त्ववेत्ता कान्ट म्हणतो की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. वर्गातली बाकीची मुले त्या दिवशी आमच्या बक्षिसाचे साधन झाली होती, हे कबूल करावे लागेल. पण तो मुलगा साधनही राहिला नव्हता. तो नुसती अडचण झाला होता.

दुसरे कोणी म्हणेल, सजावटच नको. हा सगळा दिखावा, रिया. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये रियाची जी चिकित्सा केली आहे ती वाचली की आपल्या अनेक सत्कर्मांची लाज वाटू लागते. पण आम्हाला हा निष्कर्षही पटत नाही. एका प्रसिद्ध हदीसमध्ये प्रसंग येतो. कोणी विचारले की चांगले कपडे, चांगली पादत्राणे आवडणे हा गर्व होईल का. हुजूर (स.) यांनी तसे म्हटले नाही. सौंदर्य अल्लाहला प्रिय आहे असे सांगून गर्वाची ओळख वेगळीच करून दिली. सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे म्हणजे गर्व. म्हणजे दार सुंदर करणे यात वावगे काही नव्हते. दोन दिवस मुलांनी आपली गल्ली जितकी नीट पाहिली तितकी कधी पाहिली नसेल. ती सजावट ही चांगली तालीम होती. वावगे होते ती हाताची खूण.

त्या खुणेचा विचार करताना आम्हाला पुन्हा पुन्हा सूरह अबस आठवते, कुरआनची ८० वी सूरह. मुफस्सिरांनी सांगितलेला प्रसंग सर्वांना माहीत आहे. हुजूर (स.) कुरैशच्या सरदारांशी बोलत होते. त्यांनी सत्य स्वीकारले तर केवढे काम होईल, अशी आशा होती. तेवढ्यात हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (र.) शिकण्याच्या ओढीने आले. ते अंध होते. बोलण्यात खंड पडला, कपाळाला आठी पडली, तोंड फिरवले गेले. आणि त्यावर वही उतरली, समज देणारी. पुढे हुजूर (स.) त्यांचा फार मान ठेवत. ते मुअज्जिन झाले आणि हुजूर (स.) मदिनेबाहेर जात तेव्हा अनेकदा मागे त्यांना नायब नेमून जात.

आमच्यासारख्या सामान्य शिक्षकाने त्या थोर प्रसंगाशी आपली तुलना करू नये. तिथे हेतू दीनचा होता, इथे कागदी प्रमाणपत्राचा. पण शिकायला शिकवले आहे म्हणून त्यातली एक गोष्ट मांडतो. ते सहाबी अंध होते. कपाळावरची आठी त्यांना दिसलीच नाही. त्यांचे मन आठीने दुखावले असण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही समज मिळाली. म्हणजे समोरच्याला वाईट वाटले की नाही, यावर त्या कृत्याचे बरेवाईट ठरत नाही. जो ओढीने आला त्याच्याकडे पाठ करून मान्यवरांकडे तोंड करणे हे स्वतःच चूक आहे, मग कोणी पाहो न पाहो.

आमच्या मुलालाही वाईट वाटले नव्हते. उलट त्याला फोटोची काळजी होती. बरेच दिवस आम्ही याच गोष्टीच्या आडोशाला उभे होतो, मूल तर विसरले, मग आपण का उगाळायचे? आता वाटते, त्याला वाईट न वाटणे हीच सगळ्यात काळजीची बाब आहे. बारा वर्षांच्या वयात त्याने हे धरून चालायला सुरुवात केली आहे की चांगल्या चित्रासाठी आपण बाजूला व्हायचे असते. हे त्याला कोणी फळ्यावर लिहून शिकवले नाही. आम्ही हाताने शिकवले.

सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी इजाजत घेण्याचा आणि सलाम करण्याचा आदेश आहे, आणि परत जा म्हटले तर परत जावे असेही आहे. मुलाने तो अदब पाळला. पण तो अदब दुसऱ्याच्या घरासाठी आहे. वर्ग कोणाचे घर? हजेरीपटावर त्याचे नाव आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला ते दार दिले आहे. तिथे तो पाहुणा नाही, घरचा आहे. इजाजत मागायचीच असेल तर ती आम्ही मागायला हवी होती, बाबा, तुझे दार थोडा वेळ बंद ठेवू का? विचारले असते तर तो हो म्हणाला असता. आणि मग आत बसून म्हणाला असता.

पुण्यात राहून शाळेच्या दाराविषयी लिहायचे तर एका दाराचे स्मरण टाळता येत नाही. १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. फुले दांपत्याला घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी आपले दार उघडले आणि फातिमा शेख सावित्रीबाईंबरोबर शिकवण्याच्या कामात उभ्या राहिल्या, हे आपण अभिमानाने सांगत आलो आहोत. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमा यांचा उल्लेख आहे. तो जीर्ण वाडा आता नाही. राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये तो उतरवण्यात आला. त्या दारावर काय सजावट होती हे कोणी विचारत नाही. त्यातून आत कोण आले, एवढेच आपण विचारतो आणि लक्षात ठेवतो.

स्पर्धा संपल्यावर कापूस परत करायचा होता. मुलींनी बसून तो एकेक पुंजका सोडवला. बराचसा फेविकॉलने चिकटून कडक झाला होता. आजोबांनी पिशवीत हात घालून पाहिले, कडक तेवढा वेगळा केला आणि म्हणाले, “आधी बच गयी.” उरलेल्या अर्ध्याचे काय केले ते आम्ही विचारले नाही. पिंजाऱ्याकडे कापूस पडून राहत नाही, एवढे खरे.

यंदा पुन्हा स्पर्धा आहे. आम्ही मुलांना सांगितले आहे की दार सजवायचे नाही, दाराची चौकट सजवायची. दोन्ही बाजूंचे उभे खांब आणि वरची पट्टी. दार उघडेच राहील. मुलांनी विचारले, “नंबर कटेंगे ना, टीचर?” कदाचित कटतील. नियमांत ‘दार’ असे लिहिले आहे, चौकट असे लिहिलेले नाही. मुलांनी आपसांत बोलून होकार दिला. हात काढणारा मुलगा म्हणाला की चौकटीला खालपासून वरपर्यंत हातच काढू.

दूधवाला मुलगा अजून आठवड्यातून एकदोनदा उशिरा येतो. उंबऱ्याशी थांबतो, सलाम करतो. आता दाराजवळच्या बाकावरच्या दोघांना आम्ही एक काम नेमून दिले आहे. बाहेरचा सलाम आधी त्यांनी ऐकायचा आणि मोठ्याने उत्तर द्यायचे, धडा चालू असला तरी. कधी कधी धडा तुटतो. तुटू देतो.